नर्सिंगला जायचंय? मग तयारी आठवीपासून करा

गेल्या पावसाळ्यात मळवली स्टेशनवर लोणावळ्याच्या लोकलची वाट बघत उभी होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अम्मीसोबत भेटली. दहावीला चांगली होती, वर्गात नेहमी पहिल्या पाचात. मी विचारलं, "काय करतेस बेटा?" ती गप्प. अम्मीच म्हणाल्या, "मॅडम, हिला नर्स व्हायचं होतं. एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स केला, पैसे भरले, सर्टिफिकेटपण मिळालं. पण पुण्यातल्या दवाखान्यात गेलो तर म्हणतात, रजिस्ट्रेशन नंबर कुठंय?"

त्या सर्टिफिकेटला कुठलीही मान्यता नव्हती. एक वर्ष गेलं, घरातले पैसे गेले. वाईट याचं वाटलं की तिच्या गुणांवर तिला मान्यताप्राप्त कोर्सला सहज प्रवेश मिळाला असता. तिला कुणी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं ते आम्ही शिक्षकांनी, आणि तेही आठवी-नववीतच. म्हणून हा लेख.

वाटा तीन आहेत, आधी त्या ओळखा

"नर्सिंग" हा एकच कोर्स आहे असं बऱ्याच पालकांना वाटतं. प्रत्यक्षात बारावीनंतर तीन मुख्य वाटा आहेत.

एएनएम हा २ वर्षांचा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. बारावी आर्ट्स झालेली मुलगीही तो करू शकते. आपल्या गावात उपकेंद्रावर लस द्यायला, गरोदर बायांची तपासणी करायला ज्या सिस्टर येतात, त्या बहुतेक याच वाटेनं आलेल्या असतात.

जीएनएम हा ३ वर्षांचा डिप्लोमा आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय हवा आणि किमान ४०% गुण हवेत. मुलंही करू शकतात. जीएनएम झाल्यावर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते, म्हणजे पुढचं दार बंद होत नाही.

बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी. इथे मात्र बारावी सायन्सच लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या गटाला किमान ४५% गुण लागतात आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. महाराष्ट्रात यासाठी राज्य सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड असे पाच भाग असतात. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते.

मुलींसाठी आणखी एक वाट आपल्या पुण्यातच आहे. एएफएमसीच्या नर्सिंग कॉलेजात बीएस्सी करून सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी होता येतं. त्यासाठी नीट परीक्षा द्यावी लागते.

कोर्स कुठलाही असो, शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते का, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. ही नोंदणी झाल्याशिवाय कुणी "नर्स" होत नाही. फी भरण्याआधी संस्थेला सरळ विचारा, "कौन्सिलची मान्यता दाखवा. कोर्स झाल्यावर आमच्या मुलीला रजिस्ट्रेशन नंबर मिळेल का?" उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठून या. बाजारपेठेत एका खोलीत चालणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे "नर्सिंग असिस्टंट" कोर्स हे नर्सिंगचे कोर्स नव्हेत, त्यांची पाटी कितीही मोठी असो.

अ‍ॅनाटॉमीची भीती कुठून येते?

प्रवेश मिळाला की सुटलो, असं मुलांना वाटतं. खरी परीक्षा तिथून सुरू होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात बीएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला अप्लाइड अ‍ॅनाटॉमी आणि अप्लाइड फिजिऑलॉजी हे विषय आहेत. अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीराची रचना, कुठला अवयव कुठे आणि कसा आहे. फिजिऑलॉजी म्हणजे तो काम कसं करतो. दुसऱ्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री आणि आहारशास्त्र येतं. जीएनएमलाही पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आहेच.

वर्ग, पुस्तक, पेपर, सगळं इंग्रजीत असतं. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांवर एकदम शेकडो नवे शब्द कोसळतात. मूल हुशार असलं तरी पहिल्या दोन महिन्यांत खचतं आणि घरी फोन करून रडतं. खरं तर त्यातला बराच भाग त्याला येत असतो. फक्त तो दुसऱ्या नावानं येत असतो.

नर्सला एवढं अ‍ॅनाटॉमी कशाला, डॉक्टर आहेत ना, असं एका पालकांनी मला विचारलं होतं. एक साधं उदाहरण घ्या. बाळाला पेंटाव्हॅलंटची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, कुल्ल्यावर देत नाहीत. का? बाळाच्या कुल्ल्याचा स्नायू लहान असतो आणि तिथूनच सायटिक नावाची जाड नस पायाकडे जाते. सुई तिला लागली तर पाय लुळा पडू शकतो. मोठ्या माणसालाही कुल्ल्यावर इंजेक्शन द्यायचं झालं तर वरच्या-बाहेरच्या भागातच देतात, त्याचं कारण हेच. सुई हातात असते नर्सच्या, त्यामुळे नस कुठून जाते हे तिलाच माहीत असायला हवं.

तुमच्या दप्तरातच अर्धी अ‍ॅनाटॉमी आहे

बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं जरा नव्या नजरेनं बघा. सहावीत अस्थिसंस्था आणि त्वचा. सातवीत स्नायू आणि पचनसंस्था. आठवीत मानवी शरीर व इंद्रिय संस्था, म्हणजे श्वसन आणि रक्ताभिसरण. नववीत चेतासंस्था. दहावीच्या भाग २ मध्ये सजीवांतील जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पेशीविज्ञान. अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत पुन्हा हेच धडे खोलात जाऊन येतात: पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल, श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय.

म्हणजे शाळेनं शिडी लावून ठेवली आहे. आपण मात्र परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत देतो. माझी विनंती आहे, विज्ञानाची सहावी ते दहावीची पुस्तकं देऊ नका. एका पिशवीत बांधून ठेवा. दहावीच्या सुट्टीत मुलानं फक्त शरीराचे धडे ओळीनं पुन्हा वाचले आणि प्रत्येक आकृती एकदा स्वतः काढून तिला नावं दिली, तरी पाया पक्का होतो.

आकृती बघून पाठ होत नाही, काढून होते. हृदयाची आकृती दहा वेळा काढलेल्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं की डाव्या जवनिकेतून रक्त कुठे जातं.

एक अवयव, तीन नावं

आपल्या मुलांकडे एक दौलत आहे जी आपण ओझं समजतो. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी. मी आठवीपासून मुलांना एक वही करायला लावते. पानावर तीन रकाने.

यकृत, जिगर, लिव्हर. मूत्रपिंड, गुर्दा, किडनी. फुप्फुस, फेफडा, लंग. जठर, मेदा, स्टमक. प्लीहा, तिल्ली, स्प्लीन. धमनी, शिर्यान, आर्टरी. शीर, वरीद, व्हेन. मेंदू, दिमाग, ब्रेन.

रोज पाच शब्द, इंग्रजी स्पेलिंगसकट. सुट्ट्या आणि आजारपण धरूनही वर्षाला हजाराच्या वर शब्द होतात. कॉलेजच्या पहिल्या दिवशी हे मूल रिकाम्या हातानं जात नाही.

नववीपासून त्यात चौथा रकाना घाला. वैद्यकीय इंग्रजीतले शब्द तुकड्या-तुकड्यांनी बनतात. "कार्डिओ" आलं की हृदय. "हेपॅट" आलं की यकृत. "नेफ्रो" आलं की मूत्रपिंड. "ऑस्टिओ" आलं की हाड. शेवटी "आयटिस" असेल तर दाह किंवा सूज, "एक्टॉमी" असेल तर कापून काढणं. आता हेपॅटायटिस म्हणजे काय, हे कुणाला विचारायची गरज आहे का? असे चाळीस-पन्नास तुकडे आले की शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

हीच तीन भाषांची ताकद पुढे वॉर्डात कामी येते. दुखणं माणूस आपल्या भाषेतच सांगतो. मावळातली म्हातारी आजी "पोटात कळ येतीय" म्हणते, एखाद्या खाला "मेदे में जलन है" म्हणतात. दोघींचं ऐकून फाइलमध्ये इंग्रजीत नेमकं लिहिणारी नर्स डॉक्टरांना फार मोलाची असते.

बकरी ईद आणि हृदयाचे चार कप्पे

शहरातल्या मोठ्या शाळांत प्लॅस्टिकचं मॉडेल असतं. आपल्या घरी त्याहून चांगली सोय आहे. कुर्बानीच्या दिवशी किंवा एरवी खाटीकभाईंकडून बकऱ्याचं दिल, गुर्दा, फेफडा घरी येतो. तो पातेल्यात जाण्याआधी पंधरा मिनिटं मुलांना द्या. अब्बा किंवा मोठा भाऊ सुरी धरेल, मुलं बघतील.

बकऱ्याचं हृदयही माणसासारखंच चार कप्प्यांचं असतं. उभं कापलं की दिसतं, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड आहे. का? उजवा कप्पा रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलतो, डावा पूर्ण शरीरात. जास्त काम, जास्त जाड भिंत. आतल्या पांढऱ्या पातळ झडपा आणि त्यांना ओढून धरणारे दोरे हाताला लागतात. हे एकदा पाहिलेलं मूल "व्हॉल्व्ह" हा शब्द विसरत नाही.

दोन्ही बाजूंमधला पडदा बोटानं दाबून बघा. कुठे भोक सापडतं का? गॅलेन नावाच्या प्राचीन वैद्यानं लिहून ठेवलं होतं की या पडद्यात न दिसणारी छिद्रं आहेत आणि रक्त त्यातून उजवीकडून डावीकडे जातं. हजार वर्षं लोकांनी ते मानलं. तेराव्या शतकात कैरोतले हकीम इब्न नफीस यांनी लिहिलं की पडदा भरीव आहे, रक्त उजवीकडून फुप्फुसात जातं आणि तिथून हवेशी मिसळून डावीकडे येतं. युरोपात विल्यम हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक आलं ते १६२८ मध्ये. इब्न नफीस १२८८ मध्ये वारले होते. त्यांचं नाव नुसतं अभिमानानं घेण्यापेक्षा, त्यांनी जे सांगितलं ते आपल्या मुलीनं स्वतःच्या बोटानं तपासलं तर मला जास्त आनंद होईल.

गुर्दा आडवा ठेवून मधून चिरा, बाहेरचा आणि आतला थर वेगळा दिसतो. फेफड्याचा तुकडा पाण्यात टाका, तरंगतो, कारण आत हवा असते. श्वासनलिकेवरून बोट फिरवा, कुर्च्यांच्या कड्या लागतात. त्या नसत्या तर नळी चिकटून श्वास बंद पडला असता. नळीच्या हाडात मगज असतो, पायांत सांधे आणि दोरीसारखे पांढरे बंध असतात. ओझडी मात्र माणसासारखी नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट चार कप्प्यांचं असतं, आपलं एकाच कप्प्याचं. हा फरकही मुलांना सांगा. शेवटी हात साबणानं नीट धुवायचे. नर्सिंगचा पहिला धडा तोच आहे.

नाडी, घड्याळ आणि एक वही

घरात आणखी एक सवय लावता येते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून दादीची नाडी एक मिनिट मोजायची. अंगठ्यानं मोजायची नाही, कारण अंगठ्यालाच स्वतःची नाडी असते. मोठ्या माणसाची शांत बसल्यावर साधारण मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. भाजे लेणीच्या पायऱ्या चढून गेल्यावर आपलीच नाडी मोजा, पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तारीख, वेळ, आकडा वहीत लिहा. मोजणं आणि लगेच लिहून ठेवणं हे नर्सचं रोजचं काम आहे. पण आकडा काढून घरच्या घरी औषध ठरवायचं नाही. काही वेगळं वाटलं तर कार्ल्याच्या आरोग्य केंद्रात दाखवायचं.

गणित सोडू नका

"बायोलॉजी घेतलंय, आता गणित कशाला?" हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. हे गणित बघा. रुग्णाला ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे. नळीचा सेट असा आहे की २० थेंबांचा १ मिली होतो. मिनिटाला किती थेंब सोडायचे?

५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार केला की साधारण ४२ थेंब. एवढंच, सातवीचं गणित. पण रात्री तीन वाजता वॉर्डात चूक न होता ते यायला हवं.

दुसरं. डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम औषध लिहिलं. एका बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आहे, दुसऱ्या बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ८ मिली लागेल, दुसऱ्या बाटलीतून ४ मिली. लेबल न वाचता दिलं तर डोस दुप्पट होईल. प्रमाण, टक्केवारी, एककं बदलणं आणि दशांश अपूर्णांक हे चार धडे पक्के करा.

घरच्यांच्या मनातल्या गोष्टी

आता मोकळेपणानं बोलू. मुलीनं नर्सिंगचं नाव काढलं की घरात तीन प्रश्न येतात. रात्रपाळीचं काय? परक्या पुरुषांना हात लावावा लागेल का? लग्न कसं जमेल?

रात्रपाळी आहे, ती लपवू नये. म्हणून कॉलेज आणि पुढे नोकरी निवडताना होस्टेल कसं आहे, रात्री येण्या-जाण्याची सोय काय, गणवेशात डोकं झाकण्याची मुभा आहे का, हे आधीच जाऊन विचारावं. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. प्रवेश घेतल्यावर भांडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. पुरुष रुग्णांची सेवाही करावी लागते, तेही मुलीला आधीच माहीत असावं. पण आपली अम्मी, बहीण बाळंतपणाला दवाखान्यात जाते तेव्हा आपणच म्हणतो ना, "लेडीज स्टाफ आहे का?" आपल्या मुली शिकल्या नाहीत तर तो स्टाफ येणार कुठून?

तीमारदारी हे आपल्याकडे हलकं काम कधीच नव्हतं. मदिनेत मस्जिद-ए-नबवीजवळ तंबू उभारून जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचं नाव आपण आदरानं घेतो. आणि आपल्या पुण्यात, प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगनं गेल्या. त्याही शिक्षिकाच होत्या.

मुलांबद्दलही एक शब्द. नर्सिंग फक्त बायकांचं, हा समज सोडा. जीएनएम आणि बीएस्सीला मुलगे जातात आणि आयसीयू, अपघात विभागात त्यांची गरज असते.

कागद आणि पैसा

हुशार मुलांचे प्रवेश कागदांवर अडकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण नावाच्या स्पेलिंगची. दाखल्यावर एक "शेख", आधारवर दुसरा "शेख". हे नववीतच दुरुस्त करून घ्या. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जे नाव जातं तेच आयुष्यभर राहतं.

तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तुमची असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमी लेयर यांची तयारी अकरावीतच सुरू करा, कारण वैधतेला वेळ लागतो. यादीत नसाल आणि उत्पन्न कमी असेल तर ईडब्ल्यूएस दाखल्याची चौकशी करा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शासनानं १००% सवलत दिली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. थेट मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ती मिळत नाही. शिवाय मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

थोडक्यात, कुठल्या वर्षी काय

आठवी: तीन रकान्यांची वही सुरू. शरीराच्या आकृत्या स्वतः काढणं.
नववी: शब्दांचे तुकडे. नाव-जन्मतारखेची दुरुस्ती. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून वाचायचा सराव.
दहावी: विज्ञान भाग २ मन लावून. सुट्टीत सहावी ते दहावीचे शरीराचे धडे पुन्हा.
अकरावी: बीएस्सीचा विचार असेल तर सायन्स आणि बायोलॉजी नक्की. आर्ट्स घेतलं तर एएनएम, जीएनएम खुलं आहे, पण इंग्रजी भक्कम करा. दाखल्यांचे अर्ज.
बारावी: बोर्ड आणि सीईटी दोन्हींची तयारी. फॉर्मच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगते. लोकल यायच्या आधीच तिला म्हटलं, तुझी बारावी आर्ट्सची असली तरी जीएनएमचं दार उघडं आहे. कागद जमवले, फॉर्म भरला, प्रवेश झाला. आता पहिल्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "मॅडम, स्टर्नम म्हणजे सीने की हड्डी, उरोस्थी, बरोबर ना?"

बरोबर, म्हटलं. वहीत लिही, तिन्ही रकान्यांत.